गाडीत मूल, हातात व्हेप : कायदा कुठे बोलतो, कुठे गप्प बसतो

उत्तर आधीच देऊन टाकतो. आपल्या खासगी गाडीत मागच्या सीटवर मूल बसलेलं असताना कुणी व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढला, तर त्या कृतीसाठी भारतात वेगळं कलम नाही. केंद्राच्या कायद्यात नाही आणि महाराष्ट्राच्याही नाही. मात्र तोच व्हेप गाडीच्या कप्प्यात टाकून तुम्ही माजिवड्याहून वाशीला गेलात, तर एक वर्षापर्यंत कैद सांगणाऱ्या कलमाचे शब्द तुमच्यावर बसू शकतात. मुलाच्या तोंडासमोर सोडलेला झुरका कायद्याला दिसत नाही, कप्प्यातला व्हेप मात्र दिसतो. ऐकायला हे उलटं वाटतं, पण कायदा ज्या क्रमाने घडला तो पाहिला की उलगडा होतो.

हा प्रश्न मला आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीतल्या एका आजींनी लिफ्टपाशी गाठून विचारला. जावई गाडी चालवताना ते ‘पेन’ ओढतो, तीन वर्षांची नात मागे बसलेली असते, आणि काही बोललं की जावईबापू म्हणतात, ‘‘आई, हा धूर नाहीये हो, नुसती वाफ आहे.’’ आजींना पोलिसांत वगैरे जायचं नव्हतं. त्यांना फक्त जावयाला ऐकवायला एखादं कलम हवं होतं.

आधी जावयाच्या म्हणण्याकडे बघू, कारण घरोघरी वाद तिथेच अडतो. व्हेपमध्ये बॅटरीवर तापणारी तारेची बारीक गुंडाळी असते, तिच्याशी लागून कापसाची वात, आणि वातीत भिजलेला द्रव. द्रव म्हणजे मुख्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, त्यात बहुतेक वेळा निकोटीन, आणि आंबा, पुदिना, कलिंगड असा कसला तरी स्वाद. गुंडाळी तापली की द्रव उडतो आणि लगेच गार होऊन अतिसूक्ष्म थेंबांचं धुकं तयार होतं. सर्दी झाली की आपण डोक्यावर टॉवेल घेऊन पातेल्यावर वाकतो तेव्हा नाकात जातं ते पाणी. इथे जातात ते रसायनांचे चिकट थेंब, आणि निकोटीन त्यांच्याबरोबरच जातं. द्रव जास्त तापला तर त्यातून फॉर्मल्डिहाइड आणि ॲक्रोलिनसारखे त्रासदायक पदार्थ तयार होतात. गुंडाळीतून निकेल, शिसं अशा धातूंचे अंशही त्यात उतरतात.

पुरावा हवा असेल तर तो गाडीतच आहे. जो माणूस रोज गाडीत व्हेप ओढतो, त्याच्या पुढच्या काचेला आतून एक धुरकट थर चढतो. दिवसा तो लक्षात येत नाही. रात्री समोरून ट्रकचे दिवे आले की काच दुधाळ दिसायला लागते, आणि आपल्याला वाटतं वायपर खराब झाले. टिश्यू पेपर घेऊन आतून पुसा. पुसताना बोटाला जे किंचित बुळबुळीत लागतं, तेच सीटच्या कापडावर, बेल्टवर आणि चाइल्ड सीटच्या पट्ट्यांवरही बसलेलं असतं. आणि तीन वर्षांचं मूल कंटाळलं की बेल्ट तोंडात घालतं, हे पालकांना मी सांगायला नको.

जावयाच्या बाजूनेही एक मुद्दा खरा आहे, तो दाबून ठेवण्यात अर्थ नाही. सिगारेट दोन झुरक्यांच्या मधेही जळत असते आणि तिच्या टोकाचा धूर सतत हवेत जात राहतो. व्हेप बटण दाबल्यावर किंवा ओढल्यावरच तापतो, त्यामुळे बाहेर येतं ते फक्त माणसाने सोडलेलं. त्यात डांबर नसतं, आणि थेंब धुराच्या कणांपेक्षा लवकर विरतात. शेजारी बसलेल्याला होणारा त्रास सिगारेटपेक्षा कमी, हे बरोबर. पण सिगारेटशी तुलना करून कमी ठरणं फारसं अवघड नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्यांनी, २०१६ च्या अहवालात स्पष्ट लिहिलं की व्हेपमधून दुसऱ्याच्या श्वासात जाणारं धुकं निरुपद्रवी नाही, त्यात निकोटीनसह हानिकारक पदार्थ असू शकतात.

शिवाय जागा कोणती, यावर बरंच अवलंबून असतं. दहा बाय बाराच्या खोलीत साधारण ३४ घनमीटर हवा असते, छोट्या हॅचबॅकच्या आत जेमतेम ३. त्यात आपला रस्ता घोडबंदरचा. मेट्रोचं काम, डंपर, गायमुखच्या घाटात चढणीला घोंगावणारे ट्रेलर. काच खाली करायची सोयच नाही, म्हणून एसी लावून आतलीच हवा फिरवण्याचं बटण आपण कायमचं दाबून ठेवलेलं असतं. बाहेरची धूळ आत येत नाही हे खरं, पण आतलंही काही बाहेर जात नाही. कासारवडवलीपासून फाउंटनपर्यंत अडकलात तर तीच हवा पुन्हा पुन्हा. मोठा माणूस शांत बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो, तीन वर्षांचं मूल २० ते ३०. वजनाच्या मानाने मुलाच्या शरीरात त्यामुळे जास्त जातं, आणि फुप्फुसं तर अजून वाढत असतात.

आता कायदा. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढून ई-सिगारेटवर बंदी घातली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. कायद्याचं नाव लांबलचक आहे, पण त्यातच सगळी गोष्ट आहे : ई-सिगारेटचं उत्पादन, निर्मिती, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवणूक आणि जाहिरात यांना मनाई. यादी पुन्हा वाचा. वापर त्यात कुठेच नाही. हे नजरचुकीने झालेलं नाही. सरकारला माल तोडायचा होता, ओढणाऱ्याला तुरुंगात घालायचं नव्हतं. व्यसन लागलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला कोठडीत टाकून कुणाचं भलं होणार होतं? तेव्हाचा हा निर्णय मला आजही योग्य वाटतो.

व्याख्या मात्र जाळं टाकल्यासारखी मोठी आहे. एखादा पदार्थ तापवून ओढण्यासाठी धुकं तयार करणारं कुठलंही विजेवरचं उपकरण, मग त्यात निकोटीन असो वा नसो, स्वाद असो वा नसो, आकार पेनसारखा असो की पेन ड्राइव्हसारखा. तंबाखू न जाळता फक्त तापवणारी उपकरणं आणि ई-हुक्काही त्यातच. त्यामुळे ‘माझ्यात निकोटीन नाही, फक्त फ्लेवर आहे’ हा कॉलेजच्या गेटवर ऐकू येणारा बचाव पहिल्याच ओळीत संपतो.

शिक्षा अशी. विक्री, आयात, वाहतूक, वितरण किंवा जाहिरात केली तर पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. जागेत साठा ठेवू दिला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि ‘जागा’ म्हणजे काय, तर घर, खोली, आवार यांच्याबरोबर वाहनसुद्धा. गाडीचा डिकीभर माल घेऊन तुर्भ्याला उभा असलेला माणूस यातून सुटत नाही.

गोम ‘वाहतूक’ या शब्दाशी आहे. कलमात किती नग, हे लिहिलेलं नाही. पूर्ण उपकरण किंवा त्याचा कुठलाही भाग, एवढंच आहे. त्यामुळे खिशातला एक व्हेप गाडीतून नेणं ही वाहतूक झाली का, असा प्रश्न उभा राहतो. त्यात २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने खुलासा केला की ई-सिगारेट कुठल्याही स्वरूपात, कितीही प्रमाणात बाळगणं हा या कायद्याचा भंग आहे. मंत्रालय असं म्हणतं, पण कायद्याच्या शिक्षेच्या कलमात स्वतःच्या वापरासाठी एक नग बाळगण्याला वेगळी शिक्षा लिहिलेली नाही. वकील या दोन गोष्टींच्या मधल्या फटीत बराच वेळ उभे राहू शकतात.

सामान्य माणसाच्या दृष्टीने या फटीचा अर्थ वेगळा असतो. जिथे नियम धूसर, तिथे नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाचा हात वर असतो. म्हणून हे लक्षात ठेवा : या कायद्याखाली झडती आणि जप्तीचा अधिकार पोलीस उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याला आहे. कुणीतरी काचेवर टकटक करून ‘व्हेपचा दंड भरा, दोन हजार’ म्हणालं, तर तसा जागेवरचा दंड या कायद्यात नाही. शिक्षा न्यायालय देतं.

दुबईहून येणाऱ्या भाच्याने मामासाठी दोन-चार आणले, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. ती सरळ आयात आहे, तिथे कुठलीच फट नाही. आणि मामाने गाडीत गंमत म्हणून तो पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात दिला तर? कायद्यात ‘वितरण’ या शब्दात नमुन्यादाखल फुकट देणंही धरलेलं आहे. त्याखेरीज बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७७ आहे. मुलाला दारू, अंमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला त्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. द्रवातलं निकोटीन हा ‘तंबाखूजन्य पदार्थ’ धरायचा का, यावर युक्तिवाद होतील. पण सात वर्षांच्या कलमावर युक्तिवाद करायची वेळ यावी, असं कुठल्या मामाला वाटेल?

त्याच अधिनियमाचं कलम ७५ मुलांशी क्रूरतेचं आहे. एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मी ते ‘गाडीत व्हेप ओढल्यास तीन वर्षं’ अशा मथळ्याखाली फिरताना पाहिलं. ते कलम मारहाण, छळ आणि जाणूनबुजून केलेली हेळसांड यांसाठी आहे. झुरका त्यात बसवायला बराच ताण द्यावा लागेल, आणि सासूने जावयावर ते वापरावं असं तर मुळीच नाही.

मग साध्या सिगारेटचं काय? तिथे सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य पदार्थांवरचा २००३ चा कायदा आहे, ज्याला सगळे ‘कोटपा’ म्हणतात. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानबंदीचे नियम लागू झाले ते त्याच्याखालीच. दंड २०० रुपयांपर्यंत, जो आज एका पाकिटापेक्षाही कमी पडू शकतो. सार्वजनिक जागेच्या व्याख्येत सार्वजनिक वाहनं येतात : एनएमएमटी आणि टीएमटीच्या बस, रिक्षा, टॅक्सी. तुमची स्वतःची गाडी येत नाही. म्हणजे बाबांनी स्वतःच्या गाडीत, मांडीवर मूल घेऊन, खरीखुरी सिगारेट ओढली तरी कोटपा त्यांना अडवत नाही. व्हेपच्या बाबतीत तर आणखी एक पायरी निसटते, कारण कोटपातलं धूम्रपान म्हणजे तंबाखू ओढणं. द्रवावर चालणाऱ्या व्हेपमध्ये तंबाखूचं पानच नसतं.

इथे कुणीतरी हमखास सांगतं, ‘‘अहो, सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय, खासगी गाडी ही पण सार्वजनिक जागा.’’ म्हटलंय, पण कुठे? जुलै २०१९ मध्ये बिहारच्या दारूबंदीच्या एका प्रकरणात. सार्वजनिक रस्त्यावरून जाणाऱ्या खासगी गाडीपर्यंत लोक पोचू शकतात, म्हणून त्या कायद्यापुरती ती सार्वजनिक जागा धरता येते, असा तो निकाल आहे. तो बिहारच्या कायद्यातल्या व्याख्येवर उभा आहे. तो उचलून घोडबंदरच्या सिगारेटला चिकटवला की अर्धवट माहितीचा फॉरवर्ड तयार होतो.

भाड्याच्या गाडीत मात्र तुम्ही अगदीच निःशस्त्र नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत चालकाचा परवाना रोखण्याची कारणं दिली आहेत, आणि प्रवासी वाहन चालवताना धूम्रपान करणं हे त्यातलं एक. ओला-उबरच्या किंवा रिक्षाच्या चालकाने मूल मागे असताना सिगारेट पेटवली तर आरटीओकडे जायला हा आधार पुरतो. व्हेपला हा नियम लावायचा का, हे अधिकाऱ्याच्या वाचनावर आहे. पण गाडीचा क्रमांक, वेळ आणि जागा लिहून दिलेली तक्रार कागदावर राहते, आणि ॲपच्या कंपन्यांना तर कलम लागतच नाही, रेटिंग पुरतं.

बाहेरच्या देशांत हा प्रश्न वेगळ्या टोकाने सुरू झाला. त्यांनी आधी गाडीत मूल असताना सिगारेट ओढण्यावर बंदी आणली, व्हेप नंतर आला, मग तो त्या बंदीत घ्यायचा की नाही यावर वाद झाले. दक्षिण ऑस्ट्रेलियाने २००७ मध्येच १६ वर्षांखालच्या मुलांसाठी गाडीतलं धूम्रपान बंद केलं. न्यू साउथ वेल्सने डिसेंबर २०१५ पासून त्यात ई-सिगारेट धरली. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात सिगारेटची बंदी जानेवारी २००९ ची, व्हेपची ऑक्टोबर २०१८ ची. कॅलिफोर्नियाने २००८ मध्ये १८ वर्षांखालचं मूल असलेल्या गाडीत धूम्रपानाला १०० डॉलरपर्यंत दंड ठेवला आणि २०१६ मध्ये धूम्रपानाची व्याख्याच बदलून व्हेप आत घेतला. तिथे एक मजेशीर अट आहे : केवळ एवढ्या कारणासाठी पोलीस गाडी थांबवू शकत नाहीत, दुसऱ्या कशासाठी थांबवली असेल तरच दंड. न्यूझीलंडचा नियम सगळ्यांत सरळ. २८ नोव्हेंबर २०२१ पासून १८ वर्षांखालचं कुणीही गाडीत असेल तर सिगारेटही नाही आणि व्हेपही नाही, गाडी चालू असो की उभी, काच खाली असो की वर. दंड ५० डॉलर, आणि पोलिसाला नुसती समज देऊन सोडण्याचीही मुभा.

इंग्लंडची गोष्ट थोडी थांबून सांगण्यासारखी आहे, कारण आपल्याकडचे बरेच जण तिकडचं उदाहरण देतात आणि चुकीचं देतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०१५ पासून १८ वर्षांखालचं मूल असलेल्या गाडीत सिगारेट ओढली तर ५० पौंड दंड आहे. ओढणारा मागे बसलेला असला तरी त्याला न थांबवल्याबद्दल चालकालाही दंड होतो. काच उघडी होती, सनरूफ उघडा होता, हे बचाव चालत नाहीत. छत पूर्ण खाली केलेली उघडी गाडी असेल तर मात्र नियम लागू नाही. (पामबीच रोडवर सनरूफमधून पोरांना उभं करून फिरवणाऱ्यांनी हे वाचून हुरळून जाऊ नये. तो वेगळाच मूर्खपणा आहे.) एवढा काटेकोर नियम, पण त्यातून व्हेप मुद्दाम वगळला होता. कारण तिथलं सरकारच सिगारेट ओढणाऱ्यांना सांगत होतं की सोडता येत नसेल तर निदान व्हेपकडे वळा. त्याच वर्षी तिथल्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने व्हेप सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असल्याचा अंदाज प्रसिद्ध केला होता. एका हाताने व्हेप पुढे करायचा आणि दुसऱ्या हाताने त्यावर दंड लावायचा, हे त्यांना जमणारं नव्हतं. पुढे शाळकरी पोरांमध्ये व्हेप बोकाळला तेव्हा सूर बदलला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या नव्या विधेयकात काही जागा व्हेपमुक्त जाहीर करण्याचे अधिकार सरकारने मागितले.

आपल्याकडे असं काही झालं नाही, याचं कारण यातच आहे. त्यांच्याकडे व्हेप दुकानात कायदेशीर मिळतो, म्हणून तो कुठे ओढायचा, कुणासमोर ओढायचा नाही, बाटलीला कसलं झाकण हवं, हे सगळं लिहावं लागलं. आपण वस्तूच बंद केली. जी वस्तू कायद्याच्या लेखी अस्तित्वातच नाही, ती मुलासमोर ओढू नका असा नियम कोण लिहिणार? २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतात ई-सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांचं प्रमाण ०.०२ टक्के होतं. महाराष्ट्रात त्याच पाहणीत २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, आणि एकूण प्रौढांत धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के. आपला खरा रोग मळलेली तंबाखू, गुटखा आणि मशेरीचा. खिडकीतून पिचकारी मारणाऱ्याच्या गाडीत मुलाच्या फुप्फुसाचा प्रश्न येत नाही, त्यामुळे गाडीतली हवा हा विषय विधानसभेपर्यंत जाण्याएवढा कधी मोठाच झाला नाही.

माझं मत विचाराल तर आपल्याला व्हेपसाठी वेगळा गाडी-कायदा नको. कोटपामध्ये एक ओळ घातली तरी पुरे : १८ वर्षांखालचं मूल गाडीत असेल तर तंबाखू असो वा ई-सिगारेट, काहीही ओढायचं नाही, आणि दंड असा की जो भरताना चटका बसेल. कैद नको. बापाला मुलासमोरून पोलीस गाडीत घातल्याने मुलाला जे होईल ते व्हेपपेक्षा वाईट असेल. महाराष्ट्राने २०१८ मध्ये याच कोटपामध्ये आपल्यापुरती दुरुस्ती करून हुक्का पार्लर बंद केली होती. मुंबईत कमला मिलमधल्या पबना डिसेंबर २०१७ मध्ये लागलेल्या आगीनंतर इच्छाशक्ती आपोआप आली. राज्याला हात घालता येतो, हे त्यातून दिसलेलं आहे.

तोवर शाळेच्या व्हॅनचं काय, हा पालकांचा सगळ्यांत मोठा प्रश्न. इथे फौजदारी कलमं शोधत बसण्यापेक्षा महाराष्ट्राचे २०११ चे स्कूल बस नियम जास्त कामाचे आहेत. त्यांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी. मुख्याध्यापक तिचे प्रमुख, आणि पालकांच्या, पोलिसांच्या व आरटीओच्या प्रतिनिधींनाही तिथे जागा. चालक व्हॅनमध्ये व्हेप किंवा सिगारेट ओढतो, अशी लेखी तक्रार या समितीकडे द्या आणि पोच घ्या. ‘तोंडी सांगितलंय’ याला काही अर्थ नसतो. शाळेने ‘व्हॅन आमची नाही, पालकांनी परस्पर ठरवली’ असं म्हटलं, जे ठाण्यात अनेक पालक ऐकतात, तर अर्ज थेट आरटीओला. ठाण्याचं एमएच-०४, वाशीचं एमएच-४३, पनवेलचं एमएच-४६, हे नंबरप्लेटवरच कळतं. मुलांकडून ऐकून लगेच चालकाला झोडपू नका. आठवडाभर व्हॅन कुठे थांबते, वास येतो का, कधी येतो, हे बघा आणि मग लिहा. चालक विकतही असेल अशी शंका आली, तर मात्र समिती वगैरे नाही, सरळ पोलीस ठाणं. तिथे २०१९ चा कायदा पूर्ण दातांनिशी लागू होतो.

आणि त्या आजींना मी काय सांगितलं? कलम नाही, पण तंबाखू सोडवण्यासाठी केंद्राची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. सिगारेटच्या पाकिटावर छापलेली असते. निकोटीनच्या सवयीसाठी तिथे समुपदेशन मिळतं. जावयाला सोडायचंच नसेल, तर निदान लेक गाडीत असताना नाही, आणि तिने बसायच्या तासभर आधीही नाही, एवढं तरी. आजी म्हणाल्या, ‘‘एवढं ऐकेल.’’

एक गोष्ट मात्र झुरक्यापेक्षाही तातडीची आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं : द्रवाची बाटली. त्यात निकोटीन दाट असतं, वास गोड असतो, बाटलीवर कधी फळाचं चित्र असतं, आणि गाडीत ती राहते कपहोल्डरमध्ये किंवा दाराच्या कप्प्यात, म्हणजे बरोबर मुलाच्या हाताच्या उंचीवर. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात डिसेंबर २०१४ मध्ये एक वर्षाचं बाळ असा द्रव पोटात गेल्याने दगावलं. त्यानंतर तिथे बाटल्यांना मुलांना न उघडणारं झाकण सक्तीचं झालं. आपल्याकडे माल चोरून येतो, त्यामुळे झाकण कसं असावं, आत किती निकोटीन आहे हे छापावं का, याची सक्ती कुणावर करणार? लेबलवर लिहिलेला आकडा खरा असेल याचीही हमी नाही.

निकोटीन त्वचेतूनही शरीरात शिरतं. मुलाच्या अंगावर द्रव सांडला तर कपडे काढून ती जागा साबण-पाण्याने भरपूर धुवा. तोंडात गेला असेल, किंवा गेला असावा असं नुसतं वाटलं, तरी वाट बघू नका. ओकारी, लाळ गळणं, घाम, चेहरा पांढराफटक पडणं, छातीत धडधड, झटके, ही लक्षणं मिनिटांत सुरू होऊ शकतात. उलटी करवायला घशात बोटं घालू नका, मीठ-पाणी पाजू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. ठाण्यात कळव्याचं महापालिकेचं रुग्णालय, नवी मुंबईत वाशीचं, किंवा वाटेत जे आधी येईल ते. बाटली सोबत न्या, फेकू नका. वस्तू बंदीची आहे म्हणून ‘काहीतरी खाल्लं वाटतं’ एवढंच सांगणारे आई-बाप असतात. डॉक्टरला दारातच सांगा : व्हेपचं लिक्विड, साधारण एवढं, इतक्या वाजता.